तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये

बस पोरी, त्या स्टुलावर बस. उजवीकडे रेलू नकोस, त्याचा तो पाय लंगडा आहे. पुस्तकं टेबलावर ठेव. अगं सुरीखाली नको, टेबलावर! किती आहेत? अकरा. लेकाची का? वाचून वाचून पार खिळखिळी केलीत, शाब्बास त्याची. बांधून देतो. अशी दणकट देतो की तुझा नातू वाचेल. पण त्याआधी तुला एक गोष्ट ऐकावी लागेल. ती सांगितल्याशिवाय मी आता पोरांची मालिका हातात घेत नाही. तू ऐक, आणि मग ठरव पुस्तकं माझ्याकडे ठेवायची का घेऊन जायची.

मी चौथी शिकलेला माणूस. पण पन्नास वर्षं पुस्तकं बांधतोय. वाचली किती, ते विचारू नकोस. हलवाई कुठे मिठाई खातो? पुस्तकाचं आतलं मला कमी कळतं, बाहेरचं सगळं कळतं. डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं तरी सांगतो, कागद कुठला, पुठ्ठा कुठला, कापड कुठलं. या बोटांचा फार गर्व होता मला. पुढे ऐक, त्या बोटांनीच माती खाल्ली.

माझी लेक मागच्या वर्षी गेली. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी संपलं. तिच्यामागे राहिली तिची पोरगी, आठ वर्षांची. मी तिला टाचणी म्हणतो. अंगाने तेवढीच, आणि टोचायलाही तशीच. जावई लांबच्या गाडीवर ड्रायव्हर, आठवड्यातले दोन दिवस घरी. बायको माझी आधीच गेलेली. म्हणजे घरात मी आणि टाचणी. शाळा सुटली की ती इथे यायची, नाहीतर दोन गल्ल्या सोडून मुलांची लायब्ररी आहे तिथे जायची. आई गेल्यापासून पोरगी बोलायची बंद झाली होती. रडायचीही नाही. ते तर फार वाईट. रडणाऱ्या पोराला जवळ घेता येतं गं, गप्प बसलेल्याचं काय करायचं?

त्या लायब्ररीतल्या बाईंनी माझ्याकडे एक मालिका पाठवली बांधायला. नऊ पातळ पुस्तकं. पाणचक्कीत राहणारी तीन भावंडं आणि त्यांची आई, अशा काहीतरी गोष्टी. सगळ्यांच्या पाठीवर आकडे होते, एक ते नऊ. बाई म्हणाल्या, "काका, सुटी पुस्तकं हरवतात. दोन जाड पुस्तकं करून द्या, एकात पाच, एकात चार."

आमची पद्धत अशी, की आधी कव्हर सोलायचं. आमच्या लेखी कव्हर म्हणजे साल. केळं खाताना सालीवर काय लिहिलंय बघतं का कुणी? पाठीवरचा आकडा बघितला, त्या क्रमाने लावली, कव्हरं फाडून पोत्यात, पानं दाभणाने शिवून, पुठ्ठा चढवून मोकळा. तिसऱ्या पुस्तकाच्या मागच्या कव्हराला आतून काहीतरी जाडसर लागलं होतं अंगठ्याला. खिसा होता कागदाचा, आणि त्यात काहीतरी पातळ. म्हटलं असेल जाहिरात. गेली पोत्यात.

पहिलं जाड पुस्तक टाचणीनेच आधी मागितलं. बाई म्हणाल्या वाचू दे. दोन दिवस पोरगी त्यात बुडाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी घरी गेलो तर दारात माझ्या लेकीच्या चपला. पुसून, जोडीने, आत येणाऱ्या माणसाच्या असतात तशा ठेवलेल्या.

मी म्हटलं, "टाचणे, हे काय?"

"असू देत आबा. तिला लागतील."

आणि हसली गं! इतक्या महिन्यांनी हसली. त्या हसण्याने मला आनंदच व्हायला हवा होता. पण मी त्या चपलांकडेच बघत राहिलो. मग जेवताना तिसरं ताट. मग "आबा, कडी लावू नका." जावयाला सांगितलं तर तो म्हणतो, "खेळतेय, खेळू द्या." मी म्हटलं, बाबा रे, खेळणारं पोर दाराकडे असं बघत नाही.

दुसऱ्या दिवशी ती इथे, तू बसलीस त्याच स्टुलावर बसली. मला विचारते, "आबा, तिसऱ्या आणि चौथ्या पुस्तकाच्या मध्ये काय असतं?"

"दोरा असतो. आणि खळ."

"तसं नाही हो! तिसऱ्याच्या शेवटी त्यांची आई मरते. आणि चौथ्याच्या पहिल्याच पानावर ती दारात उभी असते. हाताला पीठ. हाका मारते सगळ्यांना. म्हणजे मध्ये काहीतरी केलं असणार ना त्यांनी? काय केलं, ते नाही लिहिलेलं."

वाचलंय कुणी! म्हटलं, "अगं, गोष्टीत काहीही होतं."

"काहीही नाही होत," ती म्हणाली. "मधलं पुस्तक हरवलंय."

इथेच मी हातातलं काम ठेवायला पाहिजे होतं. पण शाळेच्या तीनशे वह्या कापायच्या होत्या.

ती लायब्ररीत गेली. तिथे पोरांसाठी एक कॉम्प्युटर आहे. बाईंना म्हणाली, एखाद्या मालिकेत एकूण पुस्तकं किती आणि कुठल्या क्रमाने वाचायची, ते कसं शोधायचं? बाईंना कौतुक वाटलं. शिकवलं त्यांनी, असं लिही, इथे दाब. आणि गेल्या आपल्या कामाला. पोरगी तासभर बसली तिथे. परत आली तेव्हा हातात चिठ्ठी होती. मी मशीनवर होतो.

"आबा, तुम्ही फाडलेली कव्हरं कुठे टाकता?"

"पोत्यात."

"आणि पोती?"

"मागे. टेम्पो येतो, रद्दीच्या गोदामात जातात."

"तिथे काय करतात?"

"दाबतात. गठ्ठे करतात. मग लगदा. पुन्हा कागद."

"टेम्पो कधी येणार?"

"उद्या. आणि त्या पोत्यांना हात लावायचा नाही, पिना असतात आत, पत्र्याचे तुकडे असतात."

हे सगळं मी मान वर न करता बोललो. सुरी चालू असली की मान वर करायची नाही, हे माझ्या उस्तादाने कानफटात मारून शिकवलंय. बोटं शाबूत राहिली ती त्यामुळेच. पण बघ, त्याच शिकवणीने घात केला.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी. सकाळी ती माझ्याबरोबरच आली. मी मशीन सुरू केलं. थोड्या वेळाने मागच्या दारातून आली, माझा शर्ट ओढला. काहीतरी म्हणाली. मशीनच्या आवाजात मला नीट ऐकूही आलं नाही. मी म्हटलं, "आत्ता नको, सुरी चालू आहे."

शर्ट सोडला तिने. तेवढंच आठवतं मला, शर्ट सोडल्याचं.

जेवायची वेळ झाली. डबा उघडला, हाक मारली. नाही. मागे बघितलं. नाही. म्हटलं लायब्ररीत असेल. गेलो. बाई म्हणाल्या, "काका, आज आलीच नाही ती."

पोरी, तुला लेकरू आहे म्हणून सांगतो. त्या "आलीच नाही"नंतर माणूस नुसता धावत सुटतो. मी घरी पळालो. कुलूप. दाराबाहेर त्या चपला तशाच. शाळेत गेलो, बंद. पाण्याच्या टाकीपाशी गेलो, वर बघायची हिंमत होईना, तरी बघितलं. रस्त्यावर प्रत्येक ठेंगणी पाठ मला तिची वाटायची. एका पोरीला खांद्याला धरून वळवलं, तिची आई माझ्या अंगावर धावून आली. बरोबरच केलं तिने.

परत लायब्ररीत आलो. बाईंचा चेहरा बघून मला आणखी भीती वाटली, कारण त्यांचाही रंग उडाला होता. मी म्हटलं, "बाई, काल ती त्या डब्यात काय बघत होती?"

कॉम्प्युटरला मी डबाच म्हणतो. बाईंनी ते मागचं सगळं काढलं. काय काय बघितलं ते राहतं म्हणे त्यात. आणि त्या वाचायला लागल्या. एका ठिकाणी यादी, नऊ पुस्तकं, छापली त्या क्रमाने. दुसऱ्या ठिकाणी तीच पुस्तकं, पण गोष्टीच्या क्रमाने, आणि तिथे चौथं पुस्तक सगळ्यात वर! तिसऱ्या ठिकाणी लोक एकमेकांशी भांडत होते, आधी कुठलं वाचायचं यावरून. मोठी माणसं गं, शिव्या देण्यापर्यंत. आणि चौथ्या यादीत नऊ नाही, दहा. एक, दोन, तीन, मग साडेतीन, मग चार.

"साडेतीन?" मी म्हटलं. "पुस्तकाला साडे कसं असेल? दूध आहे का ते?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी खालची बारीक अक्षरं वाचली. "'साडेतीन क्रमांकाची गोष्ट स्वतंत्र छापलेली नाही. सोळा पानांची ही पुस्तिका तिसऱ्या पुस्तकाच्या मागच्या कव्हरात, आतल्या खिशात मिळत असे.'"

माझा अंगठा आपोआप हलला. तो जाडसर खिसा मला पुन्हा लागला अंगठ्याला, खरोखर लागला.

"आणि चौथ्याबद्दल," बाई वाचत होत्या, "'चौथं पुस्तक नंतर लिहिलं असलं तरी गोष्ट पहिल्याच्या आधीची आहे, आई हयात असतानाची. मागच्या कव्हरावर तशी सूचना आहे.'"

मागच्या कव्हरावर! म्हणजे जी एक गोष्ट पोरीला सांगू शकली असती की आई परत आलेली नाही, ती मी फाडली. आणि जी मधली गोष्ट ती शोधत होती, तीही मीच फाडली. माझ्या हाताने दोन्ही पोत्यात गेली. आणि पोरगी समजून बसली होती की साडेतीनमध्ये लिहिलंय, मेलेली आई परत कशी आणायची.

मी धावत इथे मागच्या अंगणात आलो, बाई माझ्यामागे. सकाळी तिथे चौदा पोती होती. आता मोकळी जागा, आणि जमिनीवर सुतळीचे तुकडे. कापलेले. एका पोत्याचं तोंड कुणीतरी उसवलं असणार. माझी छोटी कात्री खुंटीवर नव्हती. आणि टेम्पोच्या चाकांच्या खुणा.

पोरी, तेव्हा मला ऐकू आलं ती सकाळी काय म्हणाली होती ते. कानात पडलेलं असतं, डोक्यात उशिरा उतरतं. "आबा, टेम्पोवाल्याला थांबवा ना."

गोदामाचा नंबर भिंतीवर लिहिलेला आहे, तो बघ, अजून आहे. फोन वाजत राहिला. तिथे यंत्रं चालू असली की फोन कोण ऐकतो? बाईंनी स्कूटर काढली. मी जन्मात बाईमाणसामागे स्कूटरवर बसलेलो नाही. त्या दिवशी त्यांचा दंड असा धरला की नंतर आठवडाभर हिरवा-निळा होता.

तू ते गोदाम बघितलेलं नाहीस, बघूही नकोस. कागदाचे डोंगर. मधोमध एक खड्डा, लोखंडी. पोती उघडून त्यात ओततात, वरून लोखंडाची पाटी खाली येते, खोलीएवढा कागद ट्रंकेएवढा होतो. कामगारांच्या कानांत कापूस. मी ओरडतोय, "थांबवा! पोरगी आहे आत!" आणि माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. पाटी खाली येत होती. भिंतीवर तांबडा दांडा दिसला, मी त्याला लोंबकळलो.

सगळं बंद पडलं. मुकादम धावत आला. "ए म्हाताऱ्या, भांग प्यायलास का?"

"सकाळचा टेम्पो! बाइंडरकडची पोती! कुठे आहेत?"

"ती? ती कधीच गेली की." आणि त्याने बोट केलं. भिंतीला चार गठ्ठे लावलेले होते, पट्ट्यांनी आवळलेले. "ते बघ, तुझेच. काय झालं काय?"

बाईंनी त्याला सांगितलं असावं. कारण त्याचा आवाज एकदम बसला. मी गठ्ठ्यांकडे गेलो. दुसऱ्या गठ्ठ्याच्या बाजूने निळं काहीतरी बाहेर आलं होतं, चार बोटं रुंद.

टाचणीचा फ्रॉक निळा होता.

मी तिथे किती वेळ उभा होतो माहीत नाही. बाई म्हणतात, क्षणभर. मला विचारशील तर मी अजून तिथेच उभा आहे. मी हात पुढे केला. डोळे मिटले, कारण डोळ्यांवर विश्वास नव्हता. बोट ठेवलं. ज्या बोटाने अंगठ्याशेजारी राहून घात केला, तेच बोट. आणि बोट म्हणालं, कागद. गुळगुळीत, चकाकी मारलेला कागद. कापड नाही.

"हे कव्हर आहे," मी म्हटलं. "कापड नाही हे. कव्हर आहे." आणि तिथेच खाली बसलो.

मुकादम भला माणूस. त्याला एकदम आठवलं. "थांबा, थांबा. एक पोतं आम्ही ओतलंच नाही. तोंड उसवलेलं होतं, सांडत होतं सगळं, म्हणून बाजूला टाकायला लावलं मी."

तिनेच उसवलेलं पोतं. माझ्या कात्रीने.

ते गोदामाच्या टोकाला होतं, मोडक्या वजनकाट्यामागे. मी हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. मुकादमाने वजनकाटा बाजूला ओढला.

बसली होती. कव्हरांच्या ढिगात, गुडघे पोटाशी घेऊन. एका हाताला पिनेने ओरखडे, रक्त वाळलेलं. मांडीवर ती सोळा पानांची पुस्तिका. टेम्पोत पोत्यांमागे लपून आली होती, हाकाही ऐकल्या होत्या तिने, नंतर सांगितलं. शेवटचं पान राहिलं होतं म्हणे.

मला वाटलं मी ओरडेन, मारेन, काय करेन कोण जाणे. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आबा, मध्ये ती येत नाही."

मी तिच्यासमोर त्या कागदांत बसलो.

"ते तिचा पीठ लागलेला अंगरखा झटकतात," ती म्हणाली. "दारात उभं राहून. खूप पीठ उडतं. मग घडी करून ठेवतात. एवढंच आहे. मग चौथ्यात कशी येते?"

मी म्हटलं, "चौथं आधीचं आहे, बाळा. ती जिवंत होती तेव्हाचं. कव्हरावर लिहिलं होतं. मी फाडलं. मी चुकलो."

तेव्हा रडली ती. पहिल्यांदा. असा हंबरडा फोडला गं त्या गोदामात, की मुकादमाने कानातला कापूस काढला होता तो पुन्हा घातला, आणि पाठ फिरवून डोळे पुसत बसला.

घरी येऊन तिने स्वतःच त्या चपला उचलून कपाटात ठेवल्या. मी कडी लावली.

दुसऱ्या दिवशी ती दोन्ही जाड पुस्तकं मी उसवली. पन्नास वर्षांत स्वतःची शिवण उसवायची ती पहिलीच वेळ. टाचणी शेजारी बसली होती. मी म्हटलं, "आता सांग. चौथं सगळ्यात आधी लावू ना? गोष्ट तिथून सुरू होते."

तिने चौथं उचलून हातात धरलं. म्हणाली, "नको. चौथं शेवटी लावा. नवव्याच्याही नंतर."

"अगं, पण असा क्रम त्या डब्यात कुणाच्याच यादीत नाही."

"नसू दे. शेवटचं पान उलटताना ती दारात असली पाहिजे."

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लावा. लावलं. साडेतीन तिसऱ्याच्या मागोमाग शिवलं, हाताने, दुहेरी दोऱ्याने. ती दोन्ही पुस्तकं आहेत लायब्ररीत. तुझ्या लेकाला दे वाचायला, पण सांगून दे.

तर अशी गोष्ट. टाचणी आता बरी आहे, बोलते, भांडते. मीच सुधारलो नाही. ती पाच मिनिटं दिसली नाही तर अजून माझ्या तोंडचं पाणी पळतं, आणि निळं काही दिसलं की बोट लावून बघतो मी. लोक हसतात. हसू देत.

आता तुझं काम. तो मोबाईल काढ. या तुझ्या अकरा पुस्तकांचं नाव त्यात घाल आणि बघ, याद्या काय म्हणतात. एकच बघू नकोस, चार बघ. आणि मध्ये कुठे साडे-काहीतरी निघालं, तर मला सांग. मग ही पेन्सिल घे, प्रत्येकाच्या पहिल्या पानावर तुझ्या हाताने आकडा घाल. आणि झालं की एकेक पुस्तक उलटं कर, मागच्या कव्हरावरचं मला मोठ्याने वाचून दाखव, बारीक अक्षरांसकट. घाई नाही मला. मशीन मी बंद करून ठेवलंय. वाच.